ती पट्टी काढ आधी

आज सकाळी ऑफिसातल्या मित्राने कासारवडवलीहून ऐरोलीपर्यंत लिफ्ट दिली. कापूरबावडीला नेहमीप्रमाणे अडकलो आणि माझं लक्ष त्याच्या डॅशबोर्डकडे गेलं. कोपऱ्यात काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली, आणि तिच्या कडेने लाल उजेड झिरपत होता. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणतो, "अगं, बॅटरीचा लाइट आहे. पंधरा दिवस झाले. रात्री डोळ्यांवर येतो म्हणून पट्टी लावली. गाडी चालतेय की मस्त."

चालतेय की! ऐरोली येईपर्यंत गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं. पण दिवसभर ती पट्टी डोळ्यांसमोरून हललेली नाही. नाव घेत नाही. तू वाचशील हे मला माहीत आहे.

हेच "चालतेय की" तीन वर्षांपूर्वी माझ्या तोंडात होतं. जुलै महिना. मानपाड्याच्या सिग्नलला उभी राहिले की तो बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागायचा, ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा. चित्र बॅटरीचं, म्हणून मी गेले बॅटरीच्या दुकानात. त्या माणसाने काही मोजलं नाही, तपासलं नाही, पावणेपाच हजार घेऊन नवीन बॅटरी बसवून दिली. दिवा तसाच. मी मात्र निर्धास्त, नवीन बॅटरी आहे ना! शनिवारी बाबांना घेऊन मीरा रोडला आत्तेबहिणीच्या साखरपुड्याला गेलेसुद्धा.

अरे, तो दिवा बॅटरीचा नसतोच, चार्जिंगचा असतो! एकदा इंजिन सुरू झालं की गाडीला लागणारी वीज अल्टरनेटर तयार करतो, बेल्टवर फिरून. बाबांच्या पिढीतले लोक त्याला अजून डायनॅमो म्हणतात. बॅटरी मुख्यतः सेल्फ मारण्यापुरती. तो दिवा लागला म्हणजे जमा बंद झाली आणि खर्च चालू आहे. इंजेक्टर, स्पार्क, पेट्रोलचा पंप, वायपर, एसीचा ब्लोअर, स्टिअरिंगची मोटर, सगळे त्या एका डब्यातलं खातात. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची. 55 वॅटचे दोन हेडलाइटच नऊ अँपिअर घेतात, म्हणजे नुसत्या त्यांनाच ती चार तासही पुरणार नाही. बाकीचा हिशोब तुला माझ्यापेक्षा चांगला येतो.

म्हणूनच जाताना काही झालं नाही. दुपार होती, ऊन होतं. येताना रात्रीचे साडेदहा, धो धो पाऊस, हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ जावी म्हणून ब्लोअर फुल, वर बाबांचा फोन चार्जिंगला. घोडबंदर रस्त्यावरचं फाउंटन हॉटेल मागे पडलं, गायमुखचा चढ लागला. आधी वायपर रेंगाळले. मग एबीएसचा दिवा, एअरबॅगचा दिवा, एकामागून एक. हेडलाइट पिवळे पडत गेले. वळणावर स्टिअरिंग एकदम दगड झालं, गाडीने दोन गचके दिले आणि काळोख. ब्रेक एकदोनदा लागला, मग पेडलच कडक. हँडब्रेक ओढला. चारी इंडिकेटरचं बटण दाबलं तर तेही लागेनात. मागून गुजरातकडून येणारे कंटेनर. आपण दिसतच नाही कुणाला, ही भीती काय असते ते ज्याला कळलंय त्यालाच कळलंय.

बाबांच्या बाजूची काच वीतभर उघडी होती. ती वर होईना. साखरपुड्यासाठी शिवलेला त्यांचा पांढरा सदरा खांद्यापासून भिजत होता आणि ते मला म्हणत होते, "घाबरू नकोस."

आणि तू पट्टी लावतोस! घरात गॅसचा वास आला तर आपण नाकाला रुमाल बांधून झोपतो का?

हो, सर्व्हिस सेंटरवाले एका दिव्यावर अर्धी गाडी बदलायला सांगतात, मान्य. प्रत्येक दिव्याला घाबरायचं नसतं, हेही मान्य. पिवळा असेल तर बहुतेकदा दोन दिवसांनी दाखवलं तरी चालतं. हा लाल आहे.

लिहिता लिहिता तो टेम्पोवाला आठवला. नगरकडचा होता. आपला टेम्पो आमच्या मागे लावला, इंडिकेटर चालू ठेवले आणि पहिलं वाक्य, "ताई, आत बसू नका, काकांना घेऊन कठड्याच्या पलीकडे उभ्या राहा." टोइंगची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटं तो टॉर्च हलवत पावसात उभा होता. भाजीचा माल होता त्याचा, उशीर होत होता. पैसे घेतले नाहीत. नंबर घ्यायचं मला सुचलं नाही, याचं वाईट अजून वाटतं.

सोमवारी माजिवड्यातल्या एका इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून बॅटरीला मल्टीमीटर लावला. 12.1 व्होल्ट. बहुतेक गाड्यांत तिथे 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. अल्टरनेटरमधले घासत राहणारे कार्बनचे तुकडे झिजून संपले होते. अर्ध्या दिवसाचं काम, आणि खर्च त्या नव्या बॅटरीच्या पासंगालाही पुरला नसता. मधेमधे विझणारा दिवा म्हणजे बरेचदा हेच, नाहीतर सैल बेल्ट. तुझाही विझतो म्हणालास ना?

मघाशी चिडून लिहायला बसले होते. आता राग नाही, काळजी वाटतेय. तुझी लेक रोज संध्याकाळी त्याच गाडीतून क्लासला जाते. पुढे पाऊस आहे. मीही चार दिवस कानाडोळा केलाच होता की, आणि बाबा शेजारी बसले होते.

आत्ताच तुला मेसेज टाकलाय. उद्या सकाळी साडेसातला तुझ्या बिल्डिंगखाली येतेय, मल्टीमीटर घेऊन. लेकीला क्लासला स्कूटरवरून मी सोडते. गाडी आपण माजिवड्याला नेऊ, दिवसाउजेडी, एसी बंद ठेवून.