"डॉट ईएनव्ही गिटइग्नोर केली, विषय संपला" म्हणे

डेव्हलपर ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ब्लॉकचेनवर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (तिथे चालणारा प्रोग्राम) डिप्लॉय करताना प्रायव्हेट की (खात्यावर पूर्ण ताबा देणारी गुप्त किल्ली) डॉट ईएनव्ही या सेटिंग्जच्या फाइलमध्ये टाका, ती फाइल गिटइग्नोर करा, शंभर टक्के सेफ. टेस्टनेटची (खोट्या पैशांच्या, सरावाच्या नेटवर्कची) की असेल तर टेन्शनच नको, आणि लीक झालीच तर पासवर्ड बदला.

गिटइग्नोरचं काम एवढंच की गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) त्या फाइलकडे बघू नये. तेही ती आधी कमिट झालेली नसेल तरच, एकदा गेली की नंतर फाइल डिलीट केली तरी हिस्टरीत की पडूनच असते. पण खरा लोचा गिटचा नाहीच ओ. की डिस्कवर साध्या टेक्स्टमध्ये उघडी पडलीये आणि एनपीएम इन्स्टॉल (तयार कोड उतरवून घ्यायची कमांड) मारल्यावर जी ढीगभर पॅकेजेस येतात त्यातलं कुठलंही ती वाचू शकतं, कुणाला विचारायची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनच्या वेब३ जेएस लायब्ररीत, १.९५.६ आणि १.९५.७ व्हर्जनमध्ये, की चोरणारा कोड घुसवला होता. (तो कोड वापरात असलेली की उचलायचा, म्हणजे तिथे कीची फाइल एन्क्रिप्ट असून पण वाचला नसता. तरी पॅकेजांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.)

टेस्टनेटचं म्हणाल तर सेपोलिया या टेस्टनेटवर वापरलेली की इथेरियमच्या मेननेटवर (खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर), पॉलिगॉनवर तशीच चालते, पत्ता पण तोच. आणि घाईत तीच वापरली जाते, मी पण केलंय. हार्डहॅट नोड (आपल्याच मशीनवर कॉन्ट्रॅक्ट टेस्ट करायचं टूल) जी २० खाती दाखवतो त्यांच्या की तर जगजाहीर आहेत, तिथे खरे पैसे पाठवले की बॉट टपलेलेच.

पासवर्ड बदला वाला मुद्दा तर कहर आहे. पासवर्ड कीस्टोअर फाइलचा (की एन्क्रिप्ट करून ठेवलेली फाइल) असतो, आतली की तीच राहते, आणि ती बदलता येत नाही. लीक झाली तर नवीन खातं काढून पैसे हलवा आणि कॉन्ट्रॅक्टची ओनरशिप ट्रान्सफर करा, चोराच्या आधी. ओनर बदलायचं फंक्शनच लिहिलं नसेल तर मग बसा.

फाउंड्री (कॉन्ट्रॅक्ट बनवायचं टूलकिट) वापरत असाल तर 'कास्ट वॉलेट इम्पोर्ट' इंटरॅक्टिव्ह मोडमध्ये चालवा, की एन्क्रिप्ट होऊन बसते, मग डिप्लॉय करताना अकाउंटचं नाव द्यायचं आणि पासवर्ड हाताने टाकायचा. की थेट कमांडमध्ये टाइप करू नका, शेलच्या हिस्टरीत राहते. आणि प्लीज, तो पासवर्ड परत डॉट ईएनव्हीत लिहू नका, असे पण महाभाग बघितलेत. डिप्लॉयच्या खात्यात गॅसपुरतेच (व्यवहाराच्या फीपुरतेच) पैसे ठेवा, डिप्लॉय झालं की ओनरशिप लगेच मल्टिसिगला (एकापेक्षा जास्त सह्या लागणाऱ्या खात्याला) द्या.