गोल बसवलं की झाला गट?

गेल्या जूनमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला, गोव्यातल्याच कुठल्यातरी सरकारी प्राथमिक शाळेचा. सहा कोनांची रंगीत टेबलं, भोवती चिमुकल्या खुर्च्या, भिंतीवर सूर्यमाला. खाली भावाने लिहिलं, "बघ, आता आमच्याकडेय तुमच्यासारखं झालं." मग नेहमीचं सुरू. काकांचं म्हणणं, असले खेळ खेळण्यापेक्षा पाढे पाठ करून घ्या. आतेभाऊ म्हणाला कृतीतूनच शिकायचं, 2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंयच तसं. कुणीतरी म्हणालं, शाळेत मुलंच नाहीत तर टेबलं कोणाला? वहिनी गप्प. ती स्वतः गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका वाड्यावर मराठी शाळेत शिकवते, पहिली ते चौथी मिळून 14 मुलं आणि टीचर ती एकटीच. रात्री तिचा मला वेगळा मेसेज, "अगो बाय, खरं सांग, तुमच्या तिथे गटात बसून मुलं खरंच शोधबीध लावतात काय?"

मी स्विंडनला राहते, इंग्लंडात. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोंयकार इथे इतके आहेत की चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची सजावट, बांधायला काय काय मिळालं नाही यावर दहा घरांत एकच चर्चा असते. एका प्राथमिक शाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात मी मदतनीस आहे, म्हणजे शिकवणारी टीचर वेगळी, मी तिच्या हाताखाली.

तर वहिनीला मी खरं ते सांगितलं, बऱ्याचदा नाही लावत. टेबलं जोडून बसायची पद्धत इथे जुनी आहे, 1967 च्या प्लाउडन अहवालानंतर (प्राथमिक शिक्षणावरचा इथला सरकारी अहवाल) तर तिला जोरच आला, मूल केंद्रस्थानी वगैरे. मग सत्तरच्या दशकात लेस्टर विद्यापीठातल्या मॉरिस गाल्टन आणि मंडळींनी वर्गात बसून नुसतं बघितलं, मुलं करतात काय. मुलं गटात बसत होती आणि काम एकेकटी करत होती. एका टेबलाशी चार पोरं, चार वह्या, चार वेगळी गणितं, आणि बोलणं झालंच तर खोडरबर देगो एवढंच. इतक्या वर्षांनी माझ्या डोळ्यांसमोरही कधीकधी तेच चाललेलं असतं, म्हणून ते फोटोतलं टेबल बघून मला काही भरून वगैरे आलं नाही.

पण एकदा जमलेलं मी बघितलंय, तेच वहिनीला सांगितलं. फेब्रुवारीचा महिना, विषय बाष्पीभवन, प्रश्न साधा, ओला कपडा कुठे लवकर वाळतो? पहिल्या दिवशी आम्ही पाच-पाचचे गट केले. दोघं काम करत होती, एक चित्र काढत होता आणि उरलेली दोघं पाण्याच्या सिरिंजने एकमेकांना भिजवत होती. टीचर काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी तिने तीन-तीनचे गट पाडले. प्रत्येक गटाला सारखे कापलेले कापडाचे तीन तुकडे, एक सिरिंज, एक छोटा वजनकाटा, एक कागद आणि एकच पेन्सिल. एक सामान आणणार, एक लिहिणार, एक गटाचं म्हणणं वर्गाला सांगणार, आणि मध्ये टाळी वाजली की कामं बदलायची. आणि सुरू करायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज गटाला सांगायचा, कारणासकट, म्हणजे नुसतं "रेडिएटरवर" (खोली गरम ठेवणाऱ्या हीटरवर) म्हणून भागत नाही.

एका गटातला मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, खिडकीतल्या उन्हात ठेवलेला तुकडा उचलून म्हणाला, हा तर घडी घातलाय. झालं! घडी घातलेली चालते का नाही यावर दहा मिनिटं वाद, मग पहिल्यापासून परत वजनं. शेवटी रेडिएटर पहिला आला हे तर सगळ्यांना माहीतच होतं, पण दारातल्या थंडगार वाऱ्यातला तुकडा उन्हातल्या तुकड्याच्या पुढे गेला आणि वर्गभर आरडाओरडा. टीचर त्या अख्ख्या तासात चार-पाच वाक्यं बोलली असेल. तासाच्या शेवटी मात्र तिने सगळ्यांना समोर बसवून बाष्पीभवन म्हणजे काय, वारा आणि उष्णता काय करतात ते फळ्यावर सरळ शिकवलं. म्हणजे काका अगदीच चुकीचे नाहीत. इथल्या स्टाफरूममध्येही काकांची पार्टी आहे, ती कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांचा 2006 चा लेख पुढे करते, की नवख्या मुलाला नुसतं शोध म्हणून सोडून दिलं तर ते भरकटतं. बरोबरच आहे, पण या गटांना कोणी मोकाट सोडलंच नव्हतं. एकच पेन्सिल द्यायची हेसुद्धा कोणीतरी आदल्या दिवशी बसून ठरवलेलं होतं.

वहिनीचं उत्तर आलं, "तुमच्याकडे दोन-दोन माणसं वर्गात. मी एकटी, त्यात माहिती भरायची, मतदार यादीचं काम आलं की तेही मीच." यावर मी काय बोलणार. आकड्यात म्हणाल तर फरक फारसा नाही, आपल्या आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक, इथेही पाच ते सात वर्षांच्या वर्गांना कायद्याने 30 चीच मर्यादा. फरक आहे तो माझ्यासारख्या जास्तीच्या माणसाचा, आणि शिकवणारीला मतदार यादी घेऊन घरोघर हिंडावं लागत नाही त्याचा. ग्रुपवर कोणी यावर बोलत नाही बघा, टेबलावर मात्र बोलतात.

आणि पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करा, दुसरीत विलीन करा, हे ऐकलं की मला राग येतो. गोव्यात 2011 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हापासून माध्यमावरून आपण इतके भांडलो, पण त्या वाड्यावरच्या शाळेत शिकवायचं कसं हे कोणी विचारलं नाही. इंग्लंडातल्या खेड्यांत दोन-दोन इयत्तांचा मिळून एक वर्ग ही रोजची गोष्ट आहे, कोणी त्याला मागासलेपण म्हणत नाही. वहिनीकडे तर चार इयत्ता एका चटईवर! चौकशी करून शिकायला याहून चांगला गट कुठला, एकाला वाचता येतं, एकाला मोजता येतं आणि एक असा की तो का, का, का विचारून जीव खातो.

फक्त चौथीतला पोरगा लगेच साहेब होतो, ते सांभाळायला लागतं. एलिझाबेथ कोहेन म्हणून स्टॅनफर्डच्या समाजशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी हेच दाखवलं, ज्याला वर्ग हुशार समजतो तोच गटात बोलतो, बाकीचे मान डोलावतात. आपल्याकडे त्यात आणखी भर म्हणजे अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम कायम मुलीकडे, आणि घरचं नाव मोठं असेल तर बोलायचं काम त्या घरच्या मुलाकडे. कामं फिरवायची ती यासाठी.

जुलैत वहिनीने करून बघितलं. सत्तरीत जुलैमध्ये कपडा वाळवायचा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आमच्या घरी चुलीवर दोरी असायची आणि अख्ख्या शाळेच्या युनिफॉर्मला धुराचा वास. 14 मुलं, दोन गट चारचे, दोन तीनचे. जुन्या साडीचे तुकडे. वजनकाटा नाही म्हणून काठीला दोन्ही टोकांना तुकडे बांधून तराजू केला. एक तुकडा पडवीत, एक पंख्याखाली, एक कंपासपेटीत बंद. वाळला का हे गालाला लावून सांगायचा हक्क फक्त पहिलीतल्या मुलांचा, हे वहिनीचं स्वतःचं डोकं, मला सुचलं नसतं.

संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे पाऊस पत्र्यावर धो धो. "अगो, तो दुसरीतला आहे ना, त्याने कोणाचं लक्ष नाही बघून आपला तुकडा पिळला आणि मग पंख्याखाली टाकला. पहिला आला! चौथीतली म्हणतात हे चीटिंग. तो म्हणतो आई रोज पिळूनच घालते. आता मी काय सांगू?"

मी विचारलं, पिळलेलं पाणी कुठे गेलं, ते मोजलं काय त्यांनी?

"थांब," ती म्हणाली, "उद्या वाटी देते."