दार अडवायचं मी, उघडायचं साहेबांनी!

काल परत तेच. दोन वर्षं झाली, मी नाट्यगृहात स्वयंसेवक म्हणून जाते. हौसेनं जाते, कुणी बळजबरी केलेली नाही. पण काल घरी आल्यावर टॉर्च टेबलावर आपटला आणि म्हटलं, एकदा हे ओकूनच टाकायचं.

माझं काम काय, तर डाव्या बाजूच्या दाराशी उभं राहायचं. तिकीट बघायचं, रांग सांगायची, अंधारात टॉर्च जमिनीकडे धरून माणसाला खुर्चीपर्यंत पोचवायचं. तिसरी घंटा झाली की दार लावायचं आणि उशिरा येणाऱ्यांना पहिला प्रवेश संपेपर्यंत बाहेर थांबवायचं. हा नियम काही मी घरून आणलेला नाही. तो तिकिटावर छापलाय, दारावर चिकटवलाय, आणि दर प्रयोगाआधी आम्हाला ओळीनं उभं करून घोकून घेतात: "काही झालं तरी दार उघडायचं नाही हं!"

काही झालं तरी. हे शब्द लक्षात ठेवा.

काल दार लावून पाच मिनिटं होतात न होतात तोच पहिलं कुटुंब हजर. नाटक सुरू झालंय म्हटल्यावर असे चेहरे, जसं काही यांच्यासाठी थांबायचं सोडून नाटकानंच उद्धटपणा केलाय. "पार्किंग मिळालं नाही." बरं, मग आत बसलेल्यांनी गाड्या काय खिशात घालून आणल्या? "आम्ही पैसे मोजलेत!" आतल्यांना काय फुकट पास वाटलेत? बघता बघता अकरा जण जमले. त्यातल्या एका गृहस्थांनी माझ्या बिल्ल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो बाई, तुम्हाला पगारसुद्धा नाही, मग कशाला एवढा रुबाब?"

पगार नाही म्हणून नियमही नाही? हे कुठलं शास्त्र?

तरी मी हसतमुखानं समजावत होते. दार उघडलं की बाहेरचा उजेड थेट आत पडतो. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्यामुळे उजेडातून आलेल्या माणसाला आत काही म्हणजे काही दिसत नाही. मग तो पायरीवर अडखळतो आणि खिशातून मोबाइल काढून त्याचा दिवा लावतो. तोही नेमका नटांच्या तोंडावर. "दहाच मिनिटं थांबा, अंधार झाला की मी स्वतः नेऊन बसवते." माझं बोलून बोलून तोंड दुखायची वेळ आली, पण अकरा जण कुरकुरत का होईना, थांबले होते.

आणि मग साहेब आले. म्हणजे आमचे व्यवस्थापक. मागे पाच पाहुणे, सगळे हसतखिदळत. "अहो, यांना सोडा, आपलीच माणसं आहेत." त्या अकरा जणांच्या देखत! मी म्हटलं, "सर, पहिला प्रवेश चालू आहे." त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून दार ढकललंसुद्धा. मग काय, अकराच्या अकरा जण त्यांच्या पाठोपाठ आत. त्यांना तरी कोणत्या तोंडानं अडवू?

आत त्या क्षणी रंगमंचावर नटी एकटी होती. हातात न फोडलेलं पाकीट, आणि प्रेक्षागृहात शेजाऱ्याचा श्वास ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेवर उजेडाचा पट्टा पडला आणि सोळा जोडी चपला-बूट वाजत गेले. पाहुण्यांच्या खुर्च्या अर्थातच रांगेच्या मधोमध, म्हणजे अर्धी रांग उभी. बिचारी नटी ते पाकीट हातात घेऊन सगळे बसेपर्यंत तशीच थांबली. मला इतकी लाज वाटली, की मी दाराआड सरकले.

बरं, इथं तरी संपावं? दोन पाहुण्यांना जागा कमी पडली, तर त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मधल्या वाटेत टाकल्या! बाहेर पडायच्या वाटेत! मध्यंतरात मी साहेबांना गाठून म्हटलं, १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग लागली तेव्हा सहाशेच्या आसपास माणसं गेली. कितीतरी दारं कुलूपबंद होती, काही पडद्यांआड झाकलेली, लोकांना बाहेर पडायला वाट मिळाली नाही. तर म्हणतात कसे, "तुम्ही फार वाचता बुवा." खुर्च्या तिथंच.

तेवढ्यात रांगेतल्या एक आजी तरातरा चालत आल्या. वेळेवर येऊन बसलेल्या, खरोखर नाटक बघायला आलेल्या बाई. मलाच म्हणाल्या, "अहो, एवढ्या लोकांना मध्येच आत कसं सोडता तुम्ही? काही शिस्त?" मी साहेबांकडे बघितलं. साहेब शेजारीच उभे. अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "माफ करा आजी, मी यांना समज देतो."

मला! समज! मला!!

आज सकाळी ग्रुपवर शनिवारची यादी आली. दोन प्रयोग आहेत आणि दोन्हीला डाव्या दाराशी माझंच नाव. विचारायची पद्धत नाहीच. खाली एक ओळ जोडली आहे: "टॉर्चचे सेल आपापले आणावेत."