शंभर पोत्यांमागे एक झाड आणि बाकी सीएसआर बघेल

माझी भाची दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या एका मोठ्या निवासी प्रकल्पावर नियोजन अभियंता म्हणून रुजू झाली. गेल्या आठवड्यात साइटच्या साप्ताहिक बैठकीत तिने राडारोड्याच्या वर्गीकरणाचा विषय काढला, तेव्हा तिच्या वरिष्ठांनी उत्तर देण्याऐवजी व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक संदेश तिच्या फोनवर धाडला, 'आधी हे वाच, मग बोलू' असे सांगितले आणि पुढचा विषय घेतला. हाच संदेश मी याआधी दोन व्यावसायिक ग्रुपवर पाहिला होता आणि सोडून दिला होता. भाचीने मात्र तो मला पाठवून 'मावशी, यात चूक काय आहे ते सांगशील का?' असे विचारले, आणि आता सोडून देणे बरे दिसत नाही. बांधकामाच्या साइटवर मी बावीस वर्षे काढली आहेत, त्यातली अकरा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून.

ज्यांनी संदेश वाचलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा सारांश देते. प्रोजेक्ट मॅनेजरचे काम वेळ, खर्च आणि दर्जा एवढेच असते, पर्यावरण हे सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागाचे खाते आहे आणि नफ्याचे दोन टक्के खर्च झाले की ते मिटते, हा पहिला मुद्दा. आराखडा आर्किटेक्ट ठरवतो आणि माल परचेस विभाग आणतो, त्यामुळे प्रोजेक्ट मॅनेजरच्या हातात काही नसते, हा दुसरा. पर्यावरणपूरक माल म्हणजे उशीर, आणि पीपीसी, म्हणजे कोळशाची राख (फ्लाय अॅश) मिसळलेले सिमेंट, हे त्याचे उत्तम उदाहरण, हा तिसरा. तरीही मन खात असेल तर सिमेंटच्या दर शंभर पोत्यांमागे एक झाड लावावे, हिशेब बरोबर होतो, हा चौथा. राडारोडा गेटबाहेर पडला की तो डंपरवाल्याचा, हा पाचवा. शेवटी कागदाच्या दोन्ही बाजूंवर प्रिंट काढण्याचा उपदेश आहे. तो खुशाल पाळावा.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करते, कारण तो वाचून मी खरोखर कागद-पेन्सिल घेऊन बसले. शंभर पोती म्हणजे पाच टन सिमेंट. सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर, आणि क्लिंकर चुनखडी भाजून बनते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे दहावी-बारावीच्या रसायनशास्त्राचे गणित आहे. क्लिंकरमध्ये चुन्याचा अंश साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे एक टन क्लिंकरमागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड केवळ चुनखडीतून निघतो. भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवायला जो कोळसा जळतो, तो यात अजून धरलेलाच नाही. ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेले साधे सिमेंट, जवळपास सगळे क्लिंकरच असते, तेव्हा शंभर पोत्यांमागे नुसत्या चुनखडीचे सुमारे २.४ टन झाले. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला वीस-बावीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असा अंदाज सर्वसाधारणपणे धरला जातो. म्हणजे संदेशातल्या त्या एका झाडाने पहिल्या दिवसापासून पूर्ण वाढलेल्या अवस्थेत, एकही उन्हाळा न चुकवता, सुमारे एकशेवीस वर्षे काम केले तर चुनखडीचा हिशेब कुठे जुळतो. कोळशासाठी आणखी काही पिढ्या थांबावे लागेल.

आणि ते झाड लागते कुठे, हेही सांगायला हवे. लाखभर चौरस फुटांच्या इमारतीला, चौरस फुटाला ०.४ पोते या साइटवरच्या ठोकताळ्याने, चाळीस हजार पोती सिमेंट लागते. त्याची चारशे झाडे झाली. ज्या प्रकल्पांवर मी काम केले तिथे झाडांच्या वाट्याला आला तो पोडियमचा, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीचा, स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि त्यावर जेमतेम मीटरभर माती. त्या मातीत चाफा तग धरतो. वडापिंपळाला तिथे लावण्याची हिंमत स्ट्रक्चरल कन्सल्टंट देणार नाही, आणि ते योग्यच आहे. झाडे लावण्याला माझा विरोध नाही, पण त्यांना सिमेंटच्या खतावणीत जमेच्या बाजूला बसवणे हा हिशेब नव्हे. त्याच चाळीस हजार पोत्यांत क्लिंकरऐवजी ३० टक्के फ्लाय अॅश असेल (पीपीसीच्या मानकात ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते, आणि तयार काँक्रीट बनवणाऱ्या आरएमसी प्लांटवर ओपीसीत वेगळी मिसळली तरी गणित तेच राहते) तर नुसत्या चुनखडीचे सुमारे तीनशे टन वाचतात. संदेशातल्या चारशे झाडांना तेवढ्यासाठी सदतीस-अडतीस वर्षे लागतील.

इथे तिसरा मुद्दा आपोआप येतो, कारण 'पीपीसी वापरले की प्रत्येक स्लॅब आठवडाभर मागे पडतो' असे त्यात ठणकावून लिहिले आहे. यात अर्धे सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. फ्लाय अॅशच्या काँक्रीटला सुरुवातीची ताकद हळू येते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत शटरिंग (काँक्रीटचे साचे) काढायला काही दिवस जास्त लागतात, हे मी स्वतः सोसले आहे. पण आठवडाभराचा आकडा आला कुठून? काँक्रीटच्या कामाची आपली जी मूळ संहिता, आयएस ४५६:२०००, ती प्रत्येक साइट ऑफिसच्या कपाटात असते आणि क्वचितच उघडली जाते. तिच्यात ओपीसीसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंट (पीपीसी त्यातलेच) किंवा खनिज मिश्रके वापरली असतील तर किमान दहा दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, सांगितले आहे. फरक तीन दिवसांचा आहे, आणि तोही पाणी मारण्याचा. स्लॅबवर पाणी साठवलेले असताना वरच्या मजल्याच्या कॉलमची मार्किंग आणि स्टील बांधणी थांबत नाही. शिवाय कोरड्या, उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटला किमान दहाच दिवस, असेही तिथे लिहिले आहे, त्यामुळे मार्च ते मे या काळात हा फरकही उरत नाही. शटरिंग काढण्याबाबत हीच संहिता म्हणते की, काढतेवेळी काँक्रीटवर जो ताण येणार असेल त्याच्या किमान दुप्पट ताकद त्याला आलेली असावी. दिवसांचा जो तक्ता संहितेत पुढे दिला आहे तो ओपीसी धरून आहे. दुसऱ्या सिमेंटला त्यात बदल करावा लागतो. तेव्हा क्युब (काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) फोडून ताकद बघणे, प्रॉप्सचा (टेकूंचा) एक जादा सेट मागवणे आणि थंडीतल्या स्लॅबला बार चार्टमध्ये (कामाच्या वेळापत्रकात) आधीच चार दिवस जास्त देणे, एवढे करावे लागते.

आणि हे सगळे कोण करते? दुसरा मुद्दा इथेच कोसळतो. स्लॅब सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचा काळ, सात दिवसांची की अकरा दिवसांची, हे आर्किटेक्ट ठरवत नाही आणि परचेसही ठरवत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरने सात दिवसांची सायकल लिहिली की मिक्स डिझाईन (काँक्रीटमधल्या घटकांचे प्रमाण) करणाऱ्यापुढे लवकर ताकद आणण्यासाठी सिमेंट वाढवण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही. मालाची निवड परचेस ऑर्डरवर सही होण्याच्या कितीतरी आधी वेळापत्रकात होऊन गेलेली असते. सल्लागाराने ग्रेड आणि मिक्स ठरवून दिल्यावर ठेकेदाराकडच्या मॅनेजरला फारसे बोलता येत नाही, आणि बढतीच्या वेळी त्याला ताब्याची तारीख सोडून काही विचारले जात नाही, एवढे मी त्या संदेशाला देऊन टाकते. पण 'हातात काही नसते' आणि 'हातात आहे त्याबद्दल कुणी विचारत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्याच चुकीचे उदाहरण देते. मॅनेजर म्हणून माझ्या पहिल्या साइटवर महावितरणच्या तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज मी खोदकाम संपेपर्यंत लांबवला, कारण बार चार्टमध्ये त्यासाठी ओळच नव्हती, आणि बार चार्ट मीच केला होता. पाच महिने साइट डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) चालली. तासाला वीस लिटर, रोज दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला ५,२०० लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा महिन्याला चौदा टन, पाच महिन्यांत सत्तर. त्या विजेचा खर्च महावितरणच्या बिलापेक्षा किती जास्त पडला ते अकाउंट्सने मला चारचौघांत सांगितले होते. वेळ, खर्च आणि पर्यावरण या तिन्हींचे नुकसान एका न लिहिलेल्या ओळीने केले, आणि तिथे ना आर्किटेक्ट होता ना परचेस. स्टीलचेही तसेच. बारा मीटरच्या सळईतून पाच मीटरचे दोन तुकडे काढले की दोन मीटर उरते. ते दोन मीटर दुसऱ्या बीमच्या बीबीएसमध्ये (सळ्या कापण्या-वाकवण्याच्या यादीत) बसवायचे की स्टोअरमागच्या ढिगात टाकायचे, हे पुढच्या आठवड्याचे कटिंग आज ठरलेले असेल तरच सुचते.

पहिल्या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, हे बरोबर आहे. पण त्याच कायद्याखालच्या नियमांत असेही स्पष्ट आहे की, कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून केलेले काम सीएसआरमध्ये धरले जात नाही. आपल्याच साइटवरचे डिझेल आणि डेब्रिस कमी करणे सीएसआरच्या खात्यात बसतच नाही. ते करायचे असेल तर प्रकल्पातच करावे लागते. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने जो बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, अहवाल सक्तीचा केला, त्यात ऊर्जा, पाणी, कचरा आणि उत्सर्जनाचे आकडे मागितले जातात. ते आकडे मुख्यालयात कुणाला स्वप्नात दिसत नाहीत. ते साइटवरच्या डिझेल रजिस्टरमधून आणि टँकरच्या पावत्यांमधून जातात.

राहिला राडारोडा, ज्यावरून हे सगळे सुरू झाले. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले. दिवसाला वीस टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला तीनशे टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्याने त्याचे काँक्रीट, माती, स्टील-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-मॉर्टर असे चार भाग वेगळे करायचे, आणि काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक संस्थेकडून कचरा व्यवस्थापनाची योजना मंजूर करून घ्यायची, असे त्यांत होते. जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकलेली होती, डंपरवाल्यावर नव्हे. त्यांची जागा घेणारे २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे म्हणून आले, आणि त्यांनी वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या मागे विस्तारित उत्पादक जबाबदारी (आपण केलेल्या कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी) लावून दोर आणखी आवळला. रात्री अकरानंतर नंबरप्लेटवर चिखल फासलेले डंपर नदीपात्राकडे वळताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा मुद्दा पुस्तकी वाटणार नाही. आणि ज्या डंपरची परतीची पावती कुणी मागत नाही, तो वाघोली किंवा मोशीच्या प्रक्रिया केंद्रापर्यंत डिझेल जाळत कशाला जाईल?

भाचीला मी हे सगळे सांगितले नाही. तिला एवढेच सुचवले की पुढच्या बैठकीत पर्यावरण हा शब्द न उच्चारता मागच्या महिन्यातल्या डंपरच्या फेऱ्या आणि प्रक्रिया केंद्राच्या पावत्या शेजारी शेजारी मांडाव्यात. तिने स्टोअरमधून डंपरच्या चलनांचे पुस्तक मागवले आहे. फेऱ्या बासष्ट निघाल्या. पावत्या अजून सापडायच्या आहेत.