वीज गेली तरी वायफायचा शोध सुरूच!

इंदूरच्या रामबागेत पावसाळ्यात वीज गेली की घरातला राऊटरही बंद पडतो आणि नेमक्या त्याच वेळी, जेव्हा बॅटरी जपायला हवी तेव्हा, लॅपटॉप नाहीशा झालेल्या वायफायच्या शोधात निघतो. कोणी सांगितले होते? जोडणी असताना वायफायचा रेडिओ, म्हणजे लॅपटॉपमधला संकेत पाठवणारा-ऐकणारा भाग, मधूनमधून झोपू शकतो, कारण राऊटर साधारणपणे दर १०२ मिलिसेकंदांनी आपला संकेत पाठवतो आणि केव्हा जागे व्हायचे हे ठरलेले असते. जोडणी तुटली की मात्र त्याला आधी २.४, मग ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले एकेक चॅनल तपासत, कुठे हाक मारत, कुठे नुसते ऐकत, पुन्हा पुन्हा जागे राहावे लागते. पडदा याहून जास्त वीज खातो हे मान्य, पण पडद्याचा मला उपयोग तरी होतो!

त्यात कार्यालयांनी सुरक्षिततेच्या नावाखाली वायफाय नेटवर्कचे नाव लपवायचे, म्हणजे राऊटर ते नाव स्वतः सांगणार नाही आणि आपोआप जोडणी चालू ठेवलेला लॅपटॉप ते नाव घेऊन घरी, स्टेशनवर, रेल्वेत हाका मारत राहणार. यात लपले काय? उलट ते नाव जवळपासच्या कोणालाही ऐकू जाते. विमान मोड लावा, असा सल्ला मिळतो. मग ब्लूटूथही बंद होऊन माउस गेला, तो वेगळा चालू करा. हे सगळे मीच का करायचे? किती वेळाने शोधायचे हे ठरवण्याची साधी सोय सेटिंग्जमध्ये समोर द्यायला काय हरकत आहे?