फिड्रिच तमाशा नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) मार्क फिड्रिच याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘चेंडूशी बोलणारा, माउंडवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) रांगणारा पोरगा. एक मोसम गाजला, पाच मोसमांत जेमतेम 29 सामने जिंकला. निव्वळ तमाशा! त्याच्यावर एवढं काय लिहायचं?’

29 चा आकडा बरोबर आहे. ‘तमाशा’ मात्र मला मुळीच मान्य नाही.

1976 साली डेट्रॉइट टायगर्स या संघाकडून खेळायला लागला तेव्हा तो 21 वर्षांचा होता. त्या मोसमात 19 विजय, 9 पराभव, आणि दर 9 इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्या खात्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या फक्त 2.34 धावा. त्या वर्षी मेजर लीग या सर्वोच्च स्तराच्या दोन्ही लीगमध्ये याहून चांगली सरासरी कुणाचीच नव्हती. फलंदाजाला चेंडू नीट मारूच न देता बाद करणारे स्ट्राइकआउट अवघे 97, म्हणजे नुसत्या वेगावर त्याची मदार नव्हती. खाली, नेमक्या जागी चेंडू टाकायचा आणि फलंदाजाला तो जमिनीवरच मारायला लावायचा, म्हणजे क्षेत्ररक्षकांना बाद करणं सोपं, ही त्याची कला. आणि बोलण्याचं म्हणाल, तर आपण स्वतःलाच सूचना देत असतो, असं तो सांगायचा. गुडघ्यांवर बसून तो माउंडवरचे खड्डे हातानं बुजवायचा, कारण पाय तिथंच रोवायचा असे.

त्या एका मोसमात 29 सामन्यांची सुरुवात पिचर म्हणून त्यानं केली, त्यातल्या 24 मध्ये शेवटपर्यंत त्यानंच चेंडू टाकले. आजचा कुठलाही प्रशिक्षक कोवळ्या पिचरला असं वापरणार नाही. पुढच्या वर्षी सरावात गुडघा दुखावला. परतल्यावर काही आठवड्यांतच, जुलैत, हातातला जोर गेला. 1976 च्या ओझ्यामुळेच खांदा गेला, असं मी म्हणणार नाही. पण खांद्याचा रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे बंध) फाटलेला आहे हे शल्यविशारद डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी शोधलं ते 1985 मध्ये! तोवर खेळ सुटला होता. मधली वर्षं तो त्याच खांद्यानं झगडत राहिला, 1980 नंतर मेजर लीगमध्ये जागा उरली नाही तेव्हा खालच्या स्तराच्या मायनर लीगमध्येही. तुम्ही मोजलेल्या 29 पैकी 10 विजय गुडघा दुखावल्यानंतरचे आहेत. त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

28 जून 1976 ला न्यूयॉर्क यँकीज संघाविरुद्धचा सामना देशभर टीव्हीवर दिसला, मैदानात 47,855 माणसं होती. टायगर्स 5-1 नं जिंकले, सगळ्या 9 इनिंग त्याच्याच. त्याचं चित्रीकरण शोधून पाहा. फलंदाज जमिनीवर किती चेंडू मारतात तेवढं मोजा, आणि मग पुन्हा लिहा. मी वाट पाहतो.