साडी ठेवा तुमच्याकडं, मला माझे २८ गुंठे द्या

मला हिस्सा पाहिजे. जमिनीतला पण आणि फ्लॅटमधला पण. हे आधीच लिहून टाकते कारण घरात सगळे वाट बघतायत की मी कधी डोळ्यात पाणी आणून म्हणते, दादा मला काही नको रे, फक्त माहेर राहू दे. नाही म्हणणार. मला माहेर पण पाहिजे आणि २८ गुंठे पण पाहिजेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते कुणीतरी समजावून सांगा मला. धाकट्याला लाज वाटली का? दादाला वाटली? त्यांना तर तोंड उघडून मागावा पण लागला नाही.

आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन अजून वर्ष नाही झालं. वर्षश्राद्ध व्हायचंय. आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं एरवी नुसती गुड मॉर्निंगची फुलं येतात, तिथं दादाचा मेसेज, की रविवारी सगळ्यांनी गावाकडं या, आधार कार्ड आणि फोटो घेऊन या, एक छोटं काम आहे. गेल्यावर कळलं छोटं काम म्हणजे हक्कसोड. कागद टाईप करून तयार, ताईचं नाव, माझं नाव, आमच्या नवऱ्यांची नावं, वय, धंदा घरकाम, आणि खाली 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता' वगैरे सगळं. माझी खुशी माझ्या आधी दुसऱ्यानंच टाईप करून आणली होती. आणि वहिनीनं पलंगावर दोन साड्या काढून ठेवलेल्या. फॉल पण लावलेला नव्हता.

मी म्हटलं वाचून बघते, घरी नेते कागद. झालं. सगळ्यांची तोंडं उतरली. आमच्यावर विश्वास नाही का. अगं नुसती फॉर्म्यालिटी आहे, सातबारा सुटसुटीत व्हावा म्हणून. सुटसुटीत म्हणजे आमची नावं नसलेला, एवढं मला कळतं. आणि म्हणे पुढच्या आठवड्यात कराडला निबंधकाकडं जाऊन रजिस्टर करायचंय. एकदा ते रजिस्टर झालं की नंतर डोकं आपटलं तरी दिवाणी कोर्टाशिवाय सुटका नाही, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं, भावानं नाही.

मग सुरू झालं एकेक. आधी कायदा. दादानं कुठल्यातरी वकिलाला विचारून आणलेलं, की तुमची लग्नं ९४ च्या आधीची, तुम्हाला हक्कच लागत नाही, ही सही तर आम्ही नुसती मानपान म्हणून घेतोय. वा रे मानपान. ९४ चं ते खरं आहे बरं का, महाराष्ट्रानं १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला पण तोवर लग्न झालेल्या पोरींना बाहेर ठेवलं. पण त्यानंतर ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्न कधी झालं ही भानगडच नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्माच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की मुलीला हक्क जन्मानं मिळतो, बाप २००५ ला जिवंत होता की नव्हता त्यानं पण फरक पडत नाही. आमचे आण्णा तर परवापरवापर्यंत ओट्यावर बसून पेपर वाचत होते. आणि जमीन वडिलोपार्जित नाही, त्यांनी स्वतः घेतलीय असं धरलं तरी त्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणजे बायको आणि चारही पोरं, सगळ्यांना सारखं. कसंही फिरवा, पाचवा हिस्सा येतोच. हे दादाच्या वकिलाला माहीत नाही असं होऊच शकत नाही. त्याला माहितीये. मला माहीत नसेल असं त्यांना वाटलं.

हे मी बोलल्यावर धाकट्याला एकदम आठवलं की वाटणी तर २००१ मध्येच झालेली. तोंडी. आण्णांनी म्हणे दोघा भावांना बांधावर उभं करून दाखवून दिलेलं, हे तुझं ते त्याचं. असं? मग सातबारा आण्णा जाईपर्यंत एकट्या त्यांच्याच नावावर कसा? सोसायटीचं पीककर्ज कोणाच्या नावावर निघायचं दरवर्षी? कारखान्याला ऊस कोणाच्या नावानं जायचा? बिल कोणाच्या खात्यावर यायचं? असल्या तोंडी वाटण्यांच्या कहाण्या सुप्रीम कोर्टानं पण त्याच निकालात ऐकून घेतल्यात आणि सरकारी कागद दाखवा म्हणून सांगितलंय. कागद काढ म्हटलं तर हा चहा प्यायला उठून गेला.

मग तुकडेबंदी. जमिनीचे इतके तुकडे करताच येत नाहीत, कायदा आहे, म्हणून बहिणींनी समजून घ्यावं. अरे साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, भागिले पाच, २८ गुंठे. बागायतीला मर्यादा १० गुंठ्याची आहे. मी बारावी पास आहे, भागाकार येतो मला. आणि गंमत बघा, तुकडा फक्त बहिणीचा हिस्सा काढताना होतो, दोन भावांनी वाटून घेतलं की त्याला वाटणी म्हणतात.

एवढी घाई का ते पण सगळ्यांना माहितीये. हायवेचं सहापदरीकरण चाललंय, आपल्या पट्ट्यातली कुणाची किती जाणार याच्या गप्पा गावात रोज पारावर. पैसे सातबाऱ्यावर ज्यांची नावं त्यांना मिळणार. म्हणून आधी नावं उडवायची. हे तोंडानं कुणी बोलत नाही. तोंडानं काय, तर आण्णांच्या आत्म्याला शांती.

आत्म्यावरून आठवलं. दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. ऊन चढलं तरी एक कावळा खाली येईना. सगळे हात जोडून एकेक इच्छा विचारतायत, आईचं बघू, घर दुरुस्त करू, गाय विकणार नाही. शेवटी दादा पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, आण्णा, बहिणींना अंतर देणार नाही. आणि शिवला कावळा! पन्नास माणसं साक्षीला आहेत. मी तेव्हा ढसाढसा रडले होते. आता वाटतं त्या कावळ्याचा जबाब नोंदवून घ्यायला पाहिजे होता कुणीतरी.

तुझ्या लग्नाला एवढा खर्च केला, हे तर मला पाठ झालंय. हुंडा दिला, भांडी दिली, हॉल नव्हता तेव्हा पण मांडव घातला. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, तो माझ्या सासऱ्यानं घेतला आणि माझ्या बापानं दिला, मला त्यातला रुपया दिसला नाही, आणि आता तो माझ्या खात्यावर खर्ची टाकायचा? मग दादाच्या डिप्लोमाचं डोनेशन कुठल्या खात्यावर? धाकट्याचा ट्रॅक्टर? त्याच्या त्या मोबाईलच्या दुकानात बुडालेले आण्णांचे पैसे? तो हिशोब काढायचा नाही, तो बापानं प्रेमानं केलेला खर्च. मी दहावीनंतर कॉलेजला रोज एसटीनं जायचे ते पण पासावर, कारण आण्णा एसटीत ड्रायव्हर. तेवढाच काय तो माझ्यावरचा खर्च.

आणि तुझ्या नणंदांनी घेतला का हिस्सा, हे वहिनी. मला वाटलंच होतं विचारणार. वहिनी, माझ्या दोन्ही नणंदांची नावं आमच्या सातबाऱ्यावर आहेत, मालक म्हणून, नुसती 'इतर हक्क'च्या रकान्यात ढकललेली नाहीत. ऑनलाईन दिसतो, गट नंबर पाठवते, बघून घ्या. तिथून पुढं त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत.

फ्लॅटचं तर बोलायलाच नको. चिंचवडचा वन बीएचके, आण्णांच्या फंडाच्या पैशातून घेतलेला, दादा राहतो तिथं इतकी वर्षं, भाडं नाही काही नाही, त्याबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. आता म्हणतो नॉमिनी मी आहे म्हणजे फ्लॅट माझा. अरे नॉमिनी म्हणजे मालक नाही रे! वारसांच्या वतीनं सांभाळणारा. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता मेंबर करते, मालकी वारसांचीच राहते. हे दादाला मी सांगायचं? तो त्याच सोसायटीचा सेक्रेटरी होता दोन टर्म!

पण माझा खरा संताप आईवरून होतोय. तिचा पण पाचवा हिस्सा आहे हे अख्ख्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नाही. तिच्या नावाचा पण कागद तयार होता, आमच्या कागदाखाली ठेवलेला. तिला काय करायचंय जमीन घेऊन, आम्ही बघतोच की. कसं बघता? तीन महिने चिंचवड, तीन महिने गाव, आणि महिना संपायच्या आधीच फोनाफोनी सुरू की तुझी पाळी कधी. गुडघ्याच्या ऑपरेशनचं काढलं की दोघं एकमेकांकडं बघतात. जिनं त्या उसाला पाणी पाजलं रात्रीच्या लाईटीला उठून, आण्णा ड्युटीवर असताना, तिनं स्वखुशीनं हक्क सोडायचा आणि मग स्वतःच्या औषधाला पोरांच्या तोंडाकडं बघायचं. तिला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणते, भांडू नका गं, माझं काय राहिलंय आता. मी म्हटलं आई तुझं २८ गुंठे राहिलंय आणि चिंचवडच्या फ्लॅटचा पाचवा भाग राहिलाय, तू मरायच्या आधी गरीब होऊ नको. हसली ती. आण्णा गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं तिला.

ताईनं अजून सही केलेली नाही पण करेल, तिच्या पोराला दादानं कंपनीत चिकटवायचं कबूल केलंय. ताईला मी काही बोलत नाही. तिला ज्यानं असं कोपऱ्यात धरलं त्याला बोलते.

आता वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं गेलाय असं कळलं. प्रतिज्ञापत्रात वारस म्हणून कोणाकोणाची नावं लिहिलीत ते विचारलं तर ग्रुपवर शुकशुकाट, सगळ्यांचं वाचून झालंय, निळ्या टिका दिसतायत. मी हरकतीचा अर्ज तयार केलाय, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आण्णांचं रेशन कार्ड ज्याच्यात माझं नाव आहे, सगळं जोडलंय. नोटीस निघून मुदत संपायच्या आत देणार आणि पोच घेणार. फेरफार मंजूर होऊन गेल्यावर प्रांताकडं अपील करत बसायची मला हौस नाही.

काका, तुम्ही हे वाचताय मला माहितीये. कोर्टकचेरीनं घराण्याची अब्रू जाते म्हणून परवा फोन केलात. अब्रू तुम्ही प्रतिज्ञापत्र टाईप होत होतं तेव्हा सांभाळायची होती, साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे त्याच्यावर. रविवारची बैठक ठेवलीय म्हणता, ठेवा, मी येणार, आईला पण बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवणार, आणि चहाचं कुणाला तरी दुसऱ्याला सांगा, मी कागद वाचत असेन.